चकत्यांचे नट

रविवार, ता. १४

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. ह्यांचा गुडघा बरा आहे, निदान तक्रार तरी कमी आहे. मागचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. फोन करता आला असता, पण फोनवर तू हसतेस आणि माझं म्हणणं राहून जातं. म्हणून पत्र. लेक उद्या परत तुझ्याकडे निघते आहे, तिच्याच हाती देईन.

ती शुक्रवारी आली तेव्हा फाटकातून आत आलेली गाडी मी ओळखलीच नाही. कित्येक वर्षं मी चालवलेली, मीच तिला दिलेली माझी गाडी, आणि ती पाय फाकवून भांडायला उभी राहिल्यासारखी दिसत होती. विचारलं, "हिला काय झालं?"

"स्पेसर बसवलेत. चाकाच्या आत जाड चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. रुंद दिसते ना? मावशीला तर फार आवडली."

मावशीला आवडली. मावशीने मडगार्डच्या कडेला विणकामाचा दोरा लावून खाली ओळंब्यासारखी किल्ली सोडली आणि चाक किती बाहेर येऊ शकेल ते मोजून दिलं. मावशीने उजेडासाठी हातात बॅटरी धरली. मावशी म्हणाली, काळ्या नको, चंदेरी चकत्या घे. आत झाकून जाणाऱ्या वस्तूचा रंग निवडणारी तू जगात एकटीच असशील.

जेवण होईपर्यंत मी हे ऐकलं. मग एवढंच म्हटलं की बेअरिंगवर ताण येतो, माणसं बसली की टायर घासतो, आणि ज्या गाडीत बिघाड नाही तिला हात लावू नये. ती म्हणाली, "मावशीने हे सगळं आधीच विचारलं होतं." हे म्हणाले, "अगं, तोंडी परीक्षा घेतेस का पोरीची?"

तुला दोन मुलगे आहेत. त्यांच्यातल्या एकासाठी बॅटरी धरायची होतीस.

आता शनिवारचा तुझा फोन. तिचा फोन ओट्यावर वाजत होता, म्हणून मी घेतला. तू म्हणालीस, "ताई, तिला आठवण कर. एवढा प्रवास झालाय, आता चाकं उतरवून चकत्यांचे नट पुन्हा आवळायला हवेत. नवीन असताना सैल पडतात." मी "बरं" म्हटलं. खिडकीतून ती दिसत होती, गाडी पुसत, गुणगुणत. मी तिला काही सांगितलं नाही.

इथे आधी 'विसरले' असं लिहिलं होतं. तो कागद फाडला. माझ्या अंगणात, माझ्या गाडीबद्दल, माझ्या मुलीला तुझा निरोप मी नेऊन द्यायचा, हे माझ्याच्याने झालं नाही.

दुपारी ती गाडी घेऊन मैत्रिणीकडे गेली. "येते गं," म्हणाली. मी भांडी विसळत "ये" म्हटलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा माझे हात थांबले. फोन लावला, तर तो घरातच वाजला. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे चहाला बोलवायला आले. नको म्हटलं. "झालंय काय?" काही नाही म्हटलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीची आधी चाकं बघत होते.

ती आली. दार उघडायच्या आत मी म्हटलं, "जॅक काढ. नट आवळायचेत."

"आई, तुला कसं माहीत?"

"नवीन बसवलेलं सैल पडतंच. त्यात काय माहीत असायचंय?"

तिने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. चाक उतरवल्यावर पाना लावला की सगळंच फिरायला लागतं, म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. मी धरला. डावीकडच्या मागच्या चकतीचे दोन नट चांगले अर्धा फेरा फिरले. तिने ते पुन्हा एकदा आवळून बघितले. मग म्हणाली, "बरं झालं तू आठवण केलीस. मावशीसुद्धा विसरली बघ."

मी पाय ब्रेकवरच ठेवला.

जेवताना तिने ह्यांना सांगितलं, "आईला गाडीतलं सगळं कळतं." कौतुक तुझं होतं. मी ते ठेवून घेतलं, आणि मला ते गोड लागलं, हेही लिहिते.

ती पोहोचली की तू विचारशील, "आईने निरोप दिला का?" विचारू नकोस असं म्हणणार नाही. विचार. फक्त मला एक कळव. तिथे दोरा धरताना, चकत्या बसवताना, ती माझ्याबद्दल कधी काही बोलते का? बोलत नसली तर तसं कळव. मनाचं काही घालू नकोस, मला ओळखू येतं.

नट आता घट्ट आहेत. तरी तिथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा बघायला लाव. ब्रेक तू दाब, आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत सोडू नकोस.

आधी तिची आई, मग तुझी
ताई