म्हस अजून बसलेली आहे

तळवली,
पितृपंधरवडा, सन १९७९
(तारीख कुणाला तरी विचारून टाकीन.)

तीर्थस्वरूप गोजराआत्यास सदूचा वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझं कार्ड आषाढात आलं आणि उत्तर भादव्यात चाललंय, हा गुन्हा मी पहिल्याच ओळीत कबूल करतो. रोज लिहायला बसत होतो आणि रोज काहीतरी मला उठवत होतं. एकदा तर 'तीर्थस्वरूप' लिहून झालं होतं, तेवढ्यात बोनकोड्याला कबड्डीचे सामने आहेत असं कळलं. जरा बघून येतो म्हणून गेलो तो तीन दिवसांनी आलो. (तोवर त्या कागदावर कोंबडी अंडं घालून मोकळी झाली होती.) तुझी तब्येत कशी आहे? मामांचा गुडघा काय म्हणतो? मनमाडला पाऊस आहे की नुसती इंजिनंच ओरडतात? इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, शेळी बरी आहे. आबाही बरे आहेत, पण ते तू विचारलं नव्हतंस, म्हणून खरं तर कंसात घालायला हवं होतं. मास्तरांनी वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं, पण तुला तुम्ही म्हटलं की मनमाडच्या स्टेशनमास्तरला अर्ज करतोय असं वाटतं, म्हणून ते सोडून दिलं. रबाळ्याच्या कारखान्यातली नोकरीही सोडून दिली. एकोणीस दिवस केली. तिथल्या खिडक्या इतक्या उंच आहेत की बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय हेसुद्धा कळत नाही.

तर तुझं कार्ड. "सदू, म्हस अजून बसलेली आहे का रे, की उठून गेली?" एवढं मी मोठ्यानं वाचलं आणि आई म्हणाली, "बाईच्या ध्यानात कसं ऱ्हात नाय? म्हस तर आपन कवाच विकली." मी म्हटलं, आई, ही म्हस म्हणजे आपला डोंगर. गावामागचा डोंगर मान लांब करून निजलेल्या म्हशीसारखा दिसतो हे सगळ्या तळवलीला माहीत, पण त्याला म्हस म्हणून हाक मारणारी तू एकटीच. तू लिहिलंस की क्वार्टरच्या खिडकीतून रूळ आणि कोळसा एवढंच दिसतं, आणि भादवा लागला की तिसऱ्या प्रहरी तुला चुकल्यासारखं होतं. डोंगरामागून काळं आभाळ चढत येतं, खाडीकडचं ऊन ढगाच्या खालून आत शिरतं आणि नेमकं म्हशीच्या पाठीवर पडतं. सगळं गवत पिवळंजर्द पेटतं, आणि पाच मिनिटांत पुसलं जाऊन पाऊस. त्या पाच मिनिटांचा फोटो तुला पाहिजे. आत्या, मी तुला सांगतो, एवढं एकच काम आजपर्यंत मला कुणी सांगितलं की जे मला करावंसं वाटलं.

कॅमेरा अरविंदनं दिला. अरविंद म्हणजे ठाण्याच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो धुतो तो माझा दोस्त. स्टुडिओतला जुना कॅमेरा, जुनी लाकडी तिपाई, आणि वर एक उपदेश: असल्या उजेडात हात हलला की डोंगर हलतो, तेव्हा तिपाईवर ठेवूनच काढ. पाऊस कधी येईल सांगता येत नाही म्हणून मी आबांची मोठी काळी छत्री तिपाईला वरून बांधली. इथंच माझं नशीब फिरलं. तूच डोळे मिटून बघ: शेतात तीन पायांची लाकडी तिपाई, तिच्यावर काचेचा डोळा असलेला डबा, त्याच्यावर काळी छत्री, आणि एक माणूस एक डोळा मिटून वाकलेला. तळवलीच्या माणसाला काय वाटेल?

बरोबर. मोजणी. सरकारनं जमिनी घेतल्या तेव्हाही अशीच तिपाई आणि अशीच छत्री आली होती, आणि जो तो आपापल्या बांधावर जाऊन उभा राहिला होता.

पहिल्या दिवशी आभाळ असं काही जमून आलं की माझ्या अंगावर काटा आला. मी बटणावर बोट ठेवलं, आणि काचेत देवजीबुवा उगवले. धोतर वर खोचलेलं, धापा टाकत, पण माझ्यासमोर बारा पावलांवर येऊन सरळ उभे, हात मांड्यांना चिकटवलेले.

"बुवा, बाजूला व्हा, मी डोंगराचा फोटो काढतोय."

"काढ ना. मी कुटं नको बोलतोय? मी माज्या बांदावर उबा हाय."

"बुवा, ही मोजणी नाही."

"गेल्या टायमाला बी तो सायब हेच बोल्ला," देवजीबुवा म्हणाले. "आनि डोंगराचा फोटू कोन काढतंय रं? डोंगराचं काय लगीन ठरलंय?"

तेवढ्यात ऊन गेलं आणि पाऊस आला. बुवा भिजत उभेच, मी छत्री काढून त्यांच्यावर धरली आणि कॅमेरा भिजला. (अरविंदला हे सांगू नकोस. तू त्याला ओळखत नाहीस, पण तरी.)

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई. त्या एकट्या आल्या नाहीत, भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून हाराबिरासकट घेऊन आल्या, बांधावर बसल्या आणि तो मांडीवर उभा धरला. मी म्हटलं, काकी, हे कशाला? तर म्हणाल्या, "जमीन त्याच्या नावावर व्हती. त्याला नको दिसायला?" मी काढला. मागं डोंगर, पुढं चांगुणाबाई, त्यांच्या मांडीवर काका, आणि काकांच्या काचेत छत्रीखाली वाकलेला मी.

चौथ्या दिवसापर्यंत गावात झालं की सदू सरकारात लागला. मी पोचायच्या आधीच माणसं बांधाबांधावर उभी, आंघोळी करून, टोप्या घालून. आता तिथे शेत नाही, सरकारनं रोवलेले नंबरी दगड आहेत, गवत कमरेएवढं वाढलंय, पण प्रत्येकाला आपला बांध डोळे मिटून सापडतो. कुणाचं पाऊल एक वीतभर इकडेतिकडे पडत नाही. दोघांचं तर मधल्या एका उंबराच्या बुंध्यावरून भांडण लागलं, तो उंबर तोडून चार वर्षं झाली. मला हसू येत होतं, आणि नंतर नंतर येईना.

पहिला रोल धुवायला ठाण्याला नेला. (जाताना वाटेत खाणीच्या रस्त्यानं गेलो, वरून डोंगर कसा दिसतो बघावं म्हणून, राखणदारानं पकडलं, मग चहा पाजला, मग त्याची हरवलेली बकरी आम्ही संध्याकाळपर्यंत शोधली. ठाणं दुसऱ्या दिवशी.) अरविंदनं फोटो दोरीवर वाळत टाकले आणि म्हणाला, "माणसं झकास आल्येत, पण तुझा डोंगर कुठाय?" डोंगर होता की. देवजीबुवांच्या टोपीच्या मागं, मळक्या पडद्यासारखा. आणि आत्या, आणखी एक. ते पिवळं ऊन फोटोत पांढरं येतं. पिवळं तुला मनानं करून घ्यावं लागेल. तुला येईल ते.

आता म्हशीबद्दल खरं लिहितो, कारण तू खरं विचारलंस. शेपटी गेली. मागचा एक पायही गेला. खाणीत रोज दुपारी सुरुंग लागतो, घरातली भांडी वाजतात, आणि पाठ थोडी आखूड होते. मान अजून आहे, डोकं आहे, पाठ बरीचशी आहे. म्हणजे बसलेली आहे, पण पुढच्या भादव्याचं मी सांगू शकत नाही. म्हणूनच घाई करतोय, आणि माझ्यासारख्यानं घाई केली म्हणजे काय ते समज.

दुसऱ्या रोलमधले अकरा फोटो गेले, सगळ्यांवर माणसं. आता एक उरलाय. आज मी युक्ती केली: आपल्या बांधावर येऊन बसलोय. बाकीचे लोक आपापल्या बांधावर उभे राहतील ते राहोत, आपल्या बांधासमोर कोण येणार? आपल्या घरातून कुणी येत नाही. हे पत्र इथंच, गुडघ्यावर कागद घेऊन, छत्रीखाली लिहितोय. आभाळ जमायला लागलंय. ऊन आलं की काढतो आणि अर्ध्यावर सोडतो.

मामांना नमस्कार.

तुझा, अजून वळण न लागलेला,
सदू

ता. क. १ : फोटो चांगला आला नाही तर देवजीबुवांचा पाठवीन. त्यांनी सांगितलंय, गोजरीला आपला नमस्कार कळव.

ता. क. २ : आता ज्याच्यासाठी एवढे कागद काळे केले ते. मोजणीच्या दिवशी आबा बांधावर गेले नाहीत. तू ओटीवरून म्हणालीस, "बापाच्या बांधावर तू पाच मिनिटं उभा राहिला नाहीस, मग मी तुझ्या दारात कशाला उभी राहू?" आणि गेलीस. सहा वर्षं झाली, सहा गौरी झाल्या. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आबा त्या दिवशी पहाटे आंघोळ करून, लग्नातला काळा कोट घालून निघाले होते. वेशीपर्यंत गेले आणि परत आले. मग गोठ्यात गेले, म्हशीच्या (खऱ्या) पाठीवर हात ठेवून दिवे लागेपर्यंत तिथे होते. बसले नाहीत. उभेच होते, आत्या. फक्त बांधावर नव्हते.

ता. क. ३ : तुझं कार्ड मला गेले दोन महिने सापडत नव्हतं. परवा आबांची टोपी धुवायला घेतली तर आत घडी. मला वाचता येतं हे माहीत असून त्यांनी ते पोस्टमनकडून पुन्हा वाचून घेतलंय, मला कळू नये म्हणून. (पोस्टमननंच सांगितलं.) त्यात त्यांच्यासाठी एक शब्द नाही. पुढच्या कार्डावर एक ओळ घाल. 'दादास नमस्कार' एवढीही चालेल. दसऱ्याला येशील का, हे मी विचारत नाही. मी फक्त लिहून ठेवतोय.

ता. क. ४ : थांब. पायवाटेनं कुणीतरी येतंय. देवजीबुवा नाहीत, देवजीबुवा आपल्या बांधावरून मान वळवून बघतायत. चांगुणाबाईही उभ्या राहिल्यात. काळा कोट आहे. आत्या, आबा आहेत. कोट पोटावर लागत नाही, टोपी धुतलेली. सरळ समोर गेले, पायानं गवत चाचपत बांध शोधला, पहिल्याच पावलात सापडला. आता तिथून विचारतायत, "सदू, मागं तिची म्हस दिसते ना रं? मी तिच्या तोंडाम्होरं येत नाय ना?"

मी सांगितलं, जरा डावीकडे. सरकले. वीतभरच.

ऊन आलं. एकच फोटो आहे. आबा उभे आहेत.