जांगमोक बंदरावरची खानावळ आणि तिथे शिजणाऱ्या माशांविषयी माझे मृत्युपत्र

आज दोन हजार एकोणीस सालच्या मार्च महिन्याची सात तारीख, गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. आत्तापर्यंत मी उद्याच्या रश्श्यासाठी रानदवण्याची कोवळी पाने निवडत होतो. हात धुऊन, कोरडे करून लिहायला बसलो आहे.

मी, ओक ग्युतेक, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार गोजे बेट, जांगमोक बंदर, बर्फाच्या कारखान्यासमोरची खानावळ, वरचा मजला, पूर्ण शुद्धीत, दारू न घेता आणि कोणीही भरीस न घालता हे लिहितो. येत्या सोमवारी बुसानच्या इस्पितळात माझ्या यकृताचा मोठा भाग काढून माझे वडील ओक बोंगसू यांना बसवणार आहेत. देणारा दगावण्याची शक्यता फार कमी असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारले, "फार कमी म्हणजे शून्य का?" त्या म्हणाल्या, "शून्य नाही." म्हणून हे लिहून ठेवतो. यकृतासाठी इथे कलम नाही, कारण ते मी जिवंतपणी देत आहे.

फुकट कायदेसल्ल्याच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की सगळे स्वतःच्या हाताने लिहावे, खाली तारीख, पत्ता, नाव आणि शिक्का असावा, आणि काही खोडले तर तिथेही शिक्का मारावा. साक्षीदार लागत नाहीत, पण असले तर बिघडत नाही. मी दोन ठरवले आहेत. शाळा नववीनंतर सुटली, तरी ज्या शब्दांबद्दल शंका आली ते शब्दकोशात पाहिले आहेत.

कलम १. खानावळीची इमारत माझ्या आईने माझ्या नावावर केली होती. ती, सर्व भांडी, सुऱ्या आणि माशांच्या दोन्ही टाक्या यांसह, नो मालसून यांना मिळावी. मी त्यांना मावशी म्हणतो. आई होती तेव्हापासून त्या या चुलीपाशी आहेत आणि त्यांचे स्वतःचे घर नाही.

कलम २. मावशींना अट एकच: या बंदराच्या बोटींनी आणलेला मासाच इथे शिजावा. टाकीच्या ट्रकमधून येणारा पाळीव मासा घेऊ नये. वादळामुळे बोटी गेल्या नाहीत, तर "आज मासा नाही" अशी पाटी लावावी आणि सुकटीचा रस्सा व किमचीवर भागवावे. चिडणारे गिऱ्हाईक परत येते. फसवलेले येत नाही.

मावशींना हे सगळे येते, पण त्यांच्यानंतर जो कोणी उभा राहील त्याच्यासाठी लिहितो. लहान लेपा, म्हणजे तळाशी पडून राहणारा चपटा मासा, वसंतातच घ्यावा. कडाक्याच्या थंडीत अंडी घालून तो खंगलेला असतो आणि रश्श्यात विरघळतो. कण्याजवळ अंगठा दाबून पाहावा. मांस घट्ट लागले आणि अंगठ्याची खूण राहिली नाही तर घ्यावा. पाणी म्हणून तांदळाचे दुसरे धुवण वापरावे. आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा चव लागेल न लागेल इतकाच घालावा. मासा उकळत्यात सोडावा, गार पाण्यात नाही. रानदवणा अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालावा. बाबा तो आधी घालतात आणि पाला काळा पडतो. तोंडावर सांगायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे लिहिले. बांगडा थंडी पडू लागली की घ्यावा, पाठ जाड पाहून. त्याच्याखाली मुळ्याच्या जाड चकत्या लावाव्यात. मुळा खायला येणारी माणसे बांगड्यासाठी आलो असे सांगतात.

कलम ३. मला बायकोमुले नसल्याने माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशावर वडिलांचा कायद्याने हक्क आहे. तेवढा वाटा त्यांना मिळावा.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याशिवाय कलम दोन नुसते कागदावर राहील.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये स्वतःच्या होडीचे तांडेल बे मानदोक यांनी नेहमीसारखा मासा आणला. त्यात एक मोठा लेपा होता. समुद्रात जन्मलेल्या लेप्याची खालची बाजू पांढरीशुभ्र असते, टाकीत वाढलेल्याच्या पांढऱ्यावर काळे डाग असतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबांनी भर गिऱ्हाइकांत तो उलटा केला. डाग होते.

"मानदोक, समुद्रावर गेला होतास की ट्रकवाल्याकडे?"

"जाळ्यातला आहे, बोंगसू."

"मग जाळं टाकीत टाकलं असशील!"

लोक हसले. तांडेलकाकांनी मासा उचलला आणि निघून गेले. ते परत आले नाहीत.

तो मासा जाळ्यातलाच होता. बंदराची मच्छीमार संस्था दर उन्हाळ्यात हौदात वाढवलेली पिल्ले खाडीत सोडते. हौदात पडलेला डाग जन्मभर जात नाही, मासा पुढे समुद्राचेच खाऊन मोठा झाला तरी. ती पिल्ले सोडायला बादल्या घेऊन बाबा आणि काका एकाच होडीत गेले होते. संस्थेच्या भिंतीवर फोटो आहे. बाबांना चूक आठवड्याभरात कळली. पण माफी मागण्याऐवजी त्यांनी रोज ट्रक बोलावायला सुरुवात केली. जुनी गिऱ्हाइके तुटत गेली. मी नसताना हे दोघे असेच राहिले, तर आईच्या चुलीवर टाकीतला मासा शिजत राहील. मला शस्त्रक्रियेपेक्षा याची जास्त धास्ती आहे.

कलम ५. इस्पितळाचे बिल भागून बँकेत जे उरेल, ते वरील संस्थेला पिल्ले सोडण्यासाठी द्यावे. तांडेलकाका संस्थेचे सभासद आहेत, तरीही ते साक्षीदार चालतील, असे खिडकीवर विचारून घेतले आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणूनच काकांच्या नावे मी काही ठेवलेले नाही.

सहीपूर्वी घडले ते असे.

संध्याकाळी तांडेलकाका आले आणि दारातच थांबले. बाबा जिना उतरून खाली आले. त्यांचे डोळे हल्ली फार पिवळे दिसतात.

"काय रे, मेलो की नाही बघायला आलास?"

"पोरानं बोलावलं. तुझ्याकडे कोण येतंय?"

"बस मग. उभ्या माणसाला मी वाढत नाही."

बाबांनी कागद मागून घेतला आणि वाचला. "पाला काळा पडतो म्हणे! इतकी वर्षं मुकाट गिळलास ना?"

"मी पण तेच सांगत होते," मावशी आतून म्हणाल्या.

चौथ्या कलमावर बाबांनी बोट ठेवले. मग म्हणाले, "लोक हसले लिहिलंस. किती ते नाही लिहिलंस."

"आठवत नाही, बाबा."

"नऊ जण होते. मला आठवतंय."

"दहा," काका म्हणाले. "मालसूनला धरलं नाहीस."

"मी नव्हते हसले हां!"

काका हसले. बाबा नाही. त्यांनी विचारले, "दुसरा साक्षीदार कोण?"

"बर्फाच्या कारखान्यातले मुनीम. येतो म्हणालेत."

"त्याला कशाला? मी करतो सही."

"तुमची चालणार नाही. तुम्हाला वाटा आहे. वाटा घेणाऱ्याची साक्ष धरत नाहीत."

"मग वाटा खोड."

"बाबा, तो कायद्यानंच तुमचा..."

"कायदा दे म्हणतो. मला घेच असं कुठं म्हणतो? सोमवारी तुझं पोट फाडून घेतोयच. वर आणखी घर?"

 काकांनी विचारले, "आणि राहशील कुठं? माझ्या होडीत?"

"मालसून हाकलेल होय मला?"

"भांडी घासलीत तर नाही," मावशी म्हणाल्या.

बाबा काकांकडे वळले. "महिनाभर आम्ही दोघंही नसणार. रोजचा मासा..."

"उद्यापासून टाकतो," काका म्हणाले.

म्हणून कलम ३ मी पूर्ण रेघ मारून रद्द केले आहे आणि तिथे शिक्का मारला आहे. इमारत पूर्णपणे मावशींची. वडिलांच्या राहण्याबद्दल कागदावर काही नाही. मावशींनी शब्द दिला आहे. मुनिमांना येऊ नका असा निरोप पाठवला.

ओक ग्युतेक (सही व शिक्का)
जांगमोक बंदर, गोजे बेट. ७ मार्च २०१९, गुरुवार.

साक्षीदार पहिला: बे मानदोक, तांडेल. ग्युतेकने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: ओक बोंगसू, वडील. वरील मृत्युपत्रात मला काहीही मिळत नाही, हे मी स्वतः वाचून पाहिले आहे.