अक्रोडाखालचा लसूणघास

ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही, ते मी वहिनीकडून काढून घेईनच. इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. अक्रोडाखाली पेरलेला लसूणघास याही वेळी बसला. दोन पानं काढतो आणि पिवळा पडतो. तेच बी कुंपणापलीकडे उन्हात सांडलं, तर तिथे गुडघाभर माजलंय! पाणी देऊन झालं, खत घालून झालं. चारा नसला तर शेळ्या मावशीकडे पाठवाव्या लागतील, आणि शेळ्या गेल्या की आई अंथरूण धरेल, हे तुला वेगळं सांगायला नको. बिचारी रोज सकाळी अक्रोडाची गळलेली पानं गोळा करून कोंबांवर पांघरते. म्हणते, लेकरांना थंडी बाधेल. तू रोपवाटिकेत काम करतोस, काहीतरी सुचव ना रे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठमी

ता. ११ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तब्येत ठणठणीत आहे. वहिनीला विचारू नकोस, ती फितूर आहे. अगं, रोग त्या पांघरुणातच आहे! अक्रोडाची पानं भिजली की त्यांचा रस मातीत उतरतो आणि कोवळा घास त्याने करपतो. सगळी पानं ओढून काढ, लांब खड्ड्यात वर्षभर कुजू दे. घास बुंध्यापासून दूर सरकवून नव्याने पेर.

मात्र आईला यातलं काही कळू देऊ नकोस. पानं वाऱ्याने उडाली म्हणून सांग. ती फार मनाला लावून घेते, मला त्याचीच धास्ती वाटते.

माया आहे तेवढीच आहे, पत्राच्या लांबीवर जाऊ नकोस.

दादा

ता. ६ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आपल्या घरची खोड तुला ठाऊक आहे, पत्र आलं की मोठ्याने वाचायचं. आनंदाच्या भरात मी वाचत सुटले. तुझ्या ‘मात्र’पर्यंत पोचले तेव्हा आई दारात उभी होती.

ती तशीच अक्रोडाखाली गेली. सगळी पानं एकटीने ओढून काढली, मला खराट्याला हात लावू दिला नाही. नवा घास छान धरलाय, शेळ्या कुठेही जात नाहीत. पण आई आता त्यांच्याकडे फिरकत नाही. धार काढायलाही मलाच पाठवते. काल ओढून न्यायला गेले, तर तिने हात शालीत लपवले. म्हणाली, माझा हात नको गं लागायला त्यांच्या चाऱ्याला.

समजावून थकले, दादा. मला रडू येतं. आता पत्र लिहू नकोस. तूच ये, आणि हाताला धरून तिला शेळ्यांपाशी ने.

तुझी ठमी