शपथ कुणाला घालतात?

परभणी, १२ मार्च १९८७

आज मावशीसोबत कोर्टात गेले. जावयानं तिच्या लेकीचा हात मोडला, ते पाहणारी ती एकटीच. तिची साक्ष झाली नाही तर तो सुटणार. पण ‘ईश्वराची शपथ घ्या’ म्हणताच ती अडूनच बसली. “मी अजून काय बोललेच न्हाई की! आमच्याकडं खोटारड्याला शपथ घालतेत.” खरंच, शपथ आधी घ्यायची की संशय आल्यावर? मला कधी प्रश्नच पडला नव्हता.

शेवटी लेकीकडं बघून घेतली शपथ, सगळं सांगितलं. बाहेर येताच वकिलांना म्हणाली, “त्याला कवा घालणार?”

“आरोपीला शपथ देत नसतात, मावशी.”

“म्हणजे आमी शपथेवर सांगायचं, अन् त्यानं नुसतं न्हाई म्हणायचं?”