वाटणी मेंढरांची नाय, घरांची

प्रिय तात्या,

मी ऑफिसात बसून दमतो म्हणालो, तर तुम्ही म्हणाला, "बसून दमणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." मागच्या दिवाळीला, सगळ्या भावकीसमोर. तुमच्या हातात शेवेची वाटी होती अन् तुम्ही आधीच हसायला लागला होता, माणूस खाताना हसत असला की त्याला काय बोलायचं? आता माझ्याकडं उत्तर आहे तर तुम्ही नाहीत. भांडण असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का?

आज सकाळी ऑफिसात एक ईमेल आला. तो वाचल्यापासून मी एका जागी बसू शकत नाय. दोनदा जिना उतरलो, दोनदा चढलो. आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "बरं झालं. जेवला का?" मग हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितोय.

तुम्ही विचारायचे, "ते तुझं कंपायलर म्हंजी नेमकं काय रं?" मी दोन वेळा सांगायला बसलो, दोन्ही वेळा तुम्ही काडीपेटी शोधायला उठला. आज बाजाराच्या हिशोबानं सांगतो, उठायचं नाय.

बाजारात दलाल रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं धरतो. तुम्ही तोंडानं जे सांगितलं, ते तो बोटांनी पलीकडं पोचवतो. मी इथं बेंगळुरूत बसून जे लिहितो, ते मशीनला वाचता येत नाय. मशीनला बोटांची भाषा कळते. मधला दलाल म्हणजे कंपायलर. अन् दर काही महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते, म्हणजे म्हाताऱ्या दलालाच्या जागी त्याचा चपळ पोरगा. चार सौदे झटक्यात उरकतो. पण घाईत एखादी अट गाळली, तर? तुम्ही म्हणालात "मेंढी गाभण आहे, कापायला नाय," अन् त्यानं नुसतीच "मेंढी आहे" एवढं पोचवलं, तर?

आमची कंपनी डेअरीवरची दूध मोजायची मशीन बनवते, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. बिडकीनच्या डेअरीतली मशीन बिघडली तेव्हा तिथं आलेल्या कंपनीच्या माणसाला मी गारखेड्याच्या नेट कॅफेत शिकलेलं चार ओळींचं प्रोग्रामिंग करून दाखवलं, अन् त्यानंच मला इकडं आणलं. आल्यावर आधी मशीन खोक्यात भरल्या. नववीत शाळा सुटलेल्या पोराला दुसरं काय देणार? मग हळूहळू मशीन तपासायच्या टेबलावर बसवलं.

नवा कंपायलर आला, आम्ही सगळं त्यातून परत काढलं अन् मशीन खुळावली. सकाळी शेतकऱ्यानं सात लिटर घातलं की सात दाखवायची, बरोबर. संध्याकाळी काटा रिकामा ठेवला तरी सातच. आमच्या मशीनवर भाकड म्हैसही दुभती झाली होती तात्या!

आमच्या वरच्या शालिनी मॅडम बेळगावच्या. मराठी बोलतात, पण त्यांच्या वळणाची. त्या म्हणाल्या, "कंपायलर चुकत नसतंय रे. दहातल्या दहा वेळा आपणच चुकलेलो असतो."

मी म्हणालो, "मॅडम, जुन्या कंपायलरनं काढलं की बरोबर चालतंय. आपलं लिहिलेलं तर तेच आहे."

"मग सिद्ध कर. जुन्या अन् नव्याच्या मधी शेकडो बदल झालेत. बरोबर मधला धर, तिथं मशीन बिघडते का बघ. बिघडली तर चोर आधीच्या अर्ध्यात, नाही तर नंतरच्या. परत त्याचे दोन भाग कर."

मला हसूच आलं.

"काय हसालास?"

"काय नाय मॅडम. हे आमच्या वाघरीचं काम आहे."

आठवतंय का? वेरूळच्या बाजूला आपला तळ होता. रोज सकाळी वाघर, आपली ती मेंढरं कोंडायची जाळी, एका बाजूनं आडवी पडलेली असायची अन् मेंढरं हरभऱ्यात. शेताचा मालक बांधावर उभा राहून आपल्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. वाघर कोण पाडतं, कळायला मार्ग नव्हता. सगळ्या कळपाचं तोंड सारखंच गरीब. मग तुम्ही कळपाचे दोन भाग केले, दोन वाघरी लावल्या. जी पडली त्यातल्यांचे परत दोन भाग. असं करत करत एकटी काळतोंडी मेंढी उरली. तुम्ही तिला बाजार दाखवायला निघाला होता. कोपऱ्यात दुसऱ्या वाघरीत तिचं कोकरू ओरडत होतं ते आईनं पाहिलं. वाटणी करताना मी त्याला पलीकडं ढकललं होतं.

"लेकरू तिकडं, माय इकडं," आई म्हणाली. "ती वाघर नाय पाडणार तर काय आरती करंल?"

तुम्ही काठी खाली ठेवली अन् मला म्हणाला, "ध्यानात ठेव. वाटणी मेंढरांची नाय करायची, घरांची करायची." परत सगळं पहिल्यापासून केलं, कोकरं मायांबरोबर ठेवून. अन् चोर कोण निघाला? तुमचा लाडका एडका! वाघरीचं दावं चावून खात होता. त्याला मात्र तुम्ही बाजार दाखवला नाय. लाडक्याला वेगळा कायदा. याचं उत्तर तुम्ही आजवर दिलेलं नाय.

तर, मी वाटण्या सुरू केल्या. अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. शेवटी एका बदलावर बोट आलं. मी तो झोकात कंपायलरवाल्यांना कळवला. ते कुठं कुठं बसलेले लोक, मी एकालाही पाहिलेलं नाय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हा बदल तर फक्त एका सूचनेचे शब्द सुधारण्याचा आहे, यानं काहीच बिघडू शकत नाही, आमच्याकडं असं होत नाही.

मॅडम म्हणाल्या, "अजून एकदा बघ. या खेपेलाही परत आलं, तर आपण जुन्यावरच राहू. अन् मग मला तुला या टेबलावर ठेवता येणार नाही. पॅकिंगला माणूस कमी आहे म्हणून वरून सारखं विचारालेत."

तात्या, खोक्यांचा तो चिकटपट्टीचा आवाज आठवून मला डबा गेला नाय. भाकरीचा तुकडा हातात धरून पडद्याकडं बघत होतो. अन् फोल्डरमधल्या फायलींच्या तारखांवर नजर गेली. काही आजच्या, काही परवाच्या. म्हणजे दर वाटणीला मी कंपायलर बदलत होतो, पण आधीच्या खेपेचे तयार तुकडे तिथंच पडून होते. निम्मं काम एका दलालाचं, निम्मं दुसऱ्याचं. कोकरू पलीकडच्या वाघरीत!

तशी भाकरी ठेवून उठलो. सगळे जुने तुकडे पुसले. दर खेपेला कोरं करून पहिल्यापासून काढलं. लई वेळ खातं ते, पण घर तुटत नाय. या वेळी बोट पडलं ते दुसऱ्याच बदलावर. त्यात दलालाला नवी चलाखी शिकवली होती: एकदा पाहिलेलं माप परत बघायला जाऊ नको, तेच सांग. कुठं परत बघायचंच असतं, ती अट घाईत गळाली होती. तुमचा एडका!

शालिनी मॅडमनी खुर्ची ओढली अन् शेजारी बसल्या. आम्ही दोघांनी मिळून तो प्रोग्राम छाटत आणला. अर्धा काढ, अजून बिघडतंय? आणखी काढ. तळहातावर मावेल एवढा उरला. कंपायलरवाल्यांना इंग्रजीत त्यांनी लिहिलं, पाठवायचं बटण मी दाबलं. मग दोन दिवस दोघंही उत्तराची वाट बघत होतो, पण एकमेकांना काय विचारत नव्हतो.

तुम्ही पण काय विचारू देत नव्हता. छातीत दुखतंय हे आईला नाय सांगितलं, मला फोनवर नाय सांगितलं. मेंढरांना तेवढं ठाऊक. निम्मं दुखणं तिकडं, निम्मी खबर इकडं. घर तोडून वाटणी नाय करायची हे तुम्हीच शिकवलं होतं ना? मग?

असू द्या. आज भांडायला नाय बसलो.

आजच्या ईमेलात लिहिलंय: चूक आमचीच होती, सापडली, दुरुस्त केली. पुढच्या आवृत्तीत आभार मानायचे आहेत, नाव कसं लिहू? मॅडम उठून माझ्या टेबलापाशी आल्या अन् म्हणाल्या, "आता इथून हलायचं नाहीस." नाव टाइप करायला त्याच बसल्या. सोमनाथ शेळके.

मी म्हणालो, "मधलं राहिलं."

"तिकडं मधलं कोण लिहीत नाहीत रे. नाव, आडनाव, बास."

"लेकरू तोडायचं नसतं मॅडम."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. परत मागं जाऊन मधी जागा केली अन् लिहिलं: सोमनाथ खंडू शेळके.

आता ती आवृत्ती जगात जिथं जिथं जाईल तिथं माझ्या नावाच्या मधोमध तुम्ही. अन् तिथं तुम्हाला चालता येणार नाय, चारायला जाता येणार नाय. बसूनच राहायचंय. दमलात तर सांगा, म्हणजे आपलं भांडण मिटलं.

एक कबूल करतो तात्या. आपला धाकटा गोरख अजून लहान आहे, आई एकटी कळपामागं पळते, पण मी मेंढरं मोडू देणार नाय. एडका म्हातारा झालाय, त्यालाही बाजार दाखवणार नाय. वाघर जागोजाग फाटलीय, आई सुतळीनं सांधत बसते. ती आता बदलायची, अन् जत्रेला येईन तेव्हा मी स्वतः लावायची.

तुमचा, बसून दमणारा,
सोमनाथ

नव्या वाघरीसाठी आईच्या खात्यावर आजच टाकतोय, साडेचार हजार रुपये.