रुसलेला खांदा

२ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! ड्रेस मीच शिवणार. नेटवरून फुकटचा पॅटर्न काढून, घरी, स्वतःच्या हातानं.

भाचीचं लग्न बावीस मार्चला आहे. आमंत्रण पोस्टानं आलं. पाकिटावर ताईचं अक्षर. फोन नाही, चिठ्ठी नाही, नुसता पत्ता. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आणि तीन वर्षं बोलत नाही. आई गेली त्याच आठवड्यात ताई टेम्पो घेऊन आली आणि आईचं शिलाई मशीन घेऊन गेली. "तुला कुठं चालवता येतं?" म्हणाली. खरं आहे, नाही येत. पण विचारायचं होतं! मी जिन्यातून ओरडलेही — "विचारलं असतंस तर मी स्वतः उचलून दिलं असतं!" ती काही बोलली नाही. मग मीही नाही बोलले.

हे म्हणाले, "ताईंनाच सांग ना शिवायला. आजवर तुझं सगळं त्यांनीच तर शिवलं."

यांना वाटतं अबोला म्हणजे गेलेली रेंज. थोडं थांबलं की येते परत.

४ फेब्रुवारी, बुधवार

तयार कपड्यांच्या दुकानात शेवटचा प्रयत्न करून आले. तेच! जे घालावं ते उजवीकडून घसरतं. मी नऊ वर्षांची असताना गच्चीच्या जिन्यावरून पडले, हाड वेडंवाकडं जुळलं, तेव्हापासून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. ताई म्हणायची, "तुझा हा खांदा रुसलाय. रुसलेल्याला ओढायचं नसतं, त्याच्या कलानं घ्यायचं." आणि कापडच तसं कापायची. तिच्या हातचं घातलं की मी चारचौघींसारखी सरळ दिसायचे.

दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅडम, जरा ताठ उभ्या राहा ना."

उभीच होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नेटवर 'मोफत ड्रेस पॅटर्न' शोधलं. लाखो निघाले. जगात एवढी दानशूर मंडळी आहेत याची कल्पना नव्हती!

पहिल्या साइटवालीनं माझं नाव, ईमेल आणि जन्मतारीख मागितली. दिली. दुसरीनं पुढचा भाग फुकट दिला. मागच्या भागाला पैसे. म्हणजे लग्नात भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तिसरा पॅटर्न फार सुरेख होता, घेर, चुण्या, सगळं. डाउनलोड झाल्यावर कळलं, बाहुलीचा आहे. चौथी म्हणते 'सर्व मापांत उपलब्ध'. तिची मापं शेवग्याच्या शेंगेपासून सुरू होतात आणि तिथंच संपतात.

धर्माची गाय आणि दात का गं नाय!

८ फेब्रुवारी, रविवार

पहिलीच्या चौदा ईमेल आल्या. सगळ्यांत मला 'प्रिय मैत्रिणी' म्हटलंय. सख्खी बहीण एक फोन करत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

एक सापडला! मागचा भाग आहे, बाह्या आहेत, माणसाचा आहे. पानंच पानं. घरी प्रिंटर नाही, म्हणून लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत काढायला घेतला. मी तिथं खिडकीवर बसते — लोकांना तपासण्यांचे रिपोर्ट द्यायचे. प्रिंटर एकच. पानं येत होती, मध्येच रिपोर्टही येत होते, खिडकीवर रांग. मी दोन्हीकडे बघत होते आणि त्यातच घोळ झाला.

चार वाजता एक गृहस्थ परत आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "बाई, साखर कळली. पण हे दुसरं पान काय आहे? 'डावी बाही, दोन नग कापा' असं लिहिलंय. काय कापायचंय माझं?"

साहेबांनी बोलावून घेतलं. फार बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "उजवी बाही कुणाला दिलीत?"

१५ फेब्रुवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं तिचं मशीन महिनाभर वापरायला दिलं. आधी जुन्या चादरीवर करून पाहिलं. कापलं, टीप मारली, डोक्यातून घातलं आणि अडकले! दोन्ही हात वर, तोंड चादरीत. ह्यांना हाका मारल्या. यांनी येऊन आधी चष्मा शोधला.

मी एवढी सुटलेय? माप तर माझंच काढलं होतं! रात्रीचं जेवण बंद.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस ताकावर आहे. आज पुन्हा घालून पाहिलं. पुन्हा अडकले.

हे निवृत्त होईपर्यंत जमिनी मोजायचे. आज सहज जमिनीवरचा कागद उचलला, कोपऱ्यातल्या चौकोनावर पट्टी ठेवली. "इथं लिहिलंय, हा चौकोन पाच सेंटिमीटर भरला पाहिजे. हा भरत नाही. तू छापताना 'पानात बसवा' केलंस का?"

केलं होतं. पानात बसावं म्हणूनच केलं होतं!

"मग सगळंच आक्रसलं. नकाशा हातात घेतला की आधी प्रमाण बघतात," म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. चार दिवस ताक पिताना बघत होते ना? तेव्हा तोंड शिवलं होतं!

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बरोबर मापात छापून, नव्यानं कापून झालं. आता सूचना. परक्या भाषेतल्या, म्हणून फोनला भाषांतर करायला सांगितलं. तो म्हणाला, 'उजव्या बाजू एकत्र शिवा.' शिवल्या. पुढची उजवी, मागची उजवी, झाडून सगळ्या उजव्या बाजू एकत्र. जे तयार झालं त्यात एक पाय आणि एक कान जाईल.

शेजारीण बघून गेली. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, असं म्हणायचं होतं त्या शहाण्याला. तिनं हे जिन्यात कितीजणींना सांगितलं ते उद्या कळेलच.

उसवायला बसले. ताई उसवायची तेव्हा दोरा कसा एका ओढीत सरसर निघायचा. माझा दर बोटभर तुटतो.

आठवण आली. लिहून टाकलं, झालं.

२२ फेब्रुवारी, रविवार

भाचीचा फोन. "मावशी, येणार ना गं?"

"बघू."

"बघू काय! तू आली नाहीस तर मी मांडवात फतकल मारून बसेन." मग हळूच, "काय घालणारेस?"

सांगितलं, शिवतेय, नेटवरून. मग म्हणाली, "थांब, एक साइट पाठवते. मराठीत आहे आणि खरंच फुकट आहे. तिथला लांब ड्रेस बघ. दुसरं काही बघू नकोस, तोच बघ."

"तुझी आई कशी आहे?" असं माझ्या तोंडून गेलं.

"तूच विचार की तिला," म्हणाली कार्टी आणि ठेवला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

साइट उघडली. ना जाहिरात, ना ईमेलची भीक, ना 'प्रिय मैत्रिणी'. चालवणारीचं नाव 'टाचणी' — खरं नाव नाही, फोटो नाही. वर एकच ओळ : 'कापण्याआधी दोनदा मोजा. बोलण्याआधीही.' आगाऊ दिसते बाई.

पण काम चोख! परकर, पायजमे, लहान मुलांची झबली, सगळं सगळ्या मापांत. लांब ड्रेस मात्र एकाच मापात आहे. आणि ते नेमकं माझं! कंबर, छाती, उंची — तंतोतंत. आयुष्यात पहिल्यांदा लॉटरी लागली, तीही फुकटात.

१ मार्च, रविवार

यांना घेऊन पानं जुळवली. खोलीभर कागद, दोघं गुडघ्यांवर, चिकटपट्टी दातात. यांना फार मजा आली. एका पानाला "हा गट नंबर सात" म्हणाले.

टाचणीबाई उधळ्या आहेत. बाकीच्या अर्धाच पुढचा भाग देतात — कापड दुमडून घडीवर ठेवायचं की दोन्ही बाजू एकदम कापल्या जातात. हिनं अख्खा दिलाय, डावी-उजवी वेगळी. कागद दुप्पट! शिवणीला मायाही भरपूर धरलीय. 'पुढे सैल करावं लागलं तर' असं लिहिलंय. हिला काय माहीत मी चार दिवसांत ताक सोडलं ते!

७ मार्च, शनिवार

चादरीवरचा नमुना घातला आणि बसला! खांद्यावर बसला! उजवीकडून घसरत नाही, मागे फुगत नाही, काही नाही. आरशासमोर डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. सरळ.

मी शिवू शकते! इतकी वर्षं ताईनं खांद्याचं केवढं अवडंबर माजवलं होतं. "तुझं कटिंग म्हणजे वेगळाच अभ्यास" म्हणायची. काही अभ्यास-बिभ्यास नाही. हात चांगला असला की झालं.

लग्नाला जाणार! आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहणार. ती बघेल, मी बघणार नाही.

१२ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये रक्त घेते ती — सगळ्यांना 'मुंगी चावल्यासारखं होईल' सांगते, म्हणून आम्ही तिलाच मुंगी म्हणतो — तिनं माझं बघून तोच ड्रेस शिवायला घेतला. आज तणतणत आली. "पॅटर्न चुकलाय! उजवा खांदा खाली गेलाय. मी घातलं तर लोंबतंय नुसतं!"

म्हटलं, "मला तर छान बसला."

"मग तुझा खांदा वाकडा असेल."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. आणि चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं — माप कसं घ्यावं, टीप कशी मारावी, कापड ओढू नये. तिनं ऐकून घेतलं. हाताखाली शिकायला कुणी मिळालं की किती बरं वाटतं!

१६ मार्च, सोमवार

खरं कापड कापलं. गडद हिरवं. दुसरं आणायला वेळ नाही आणि हे बिघडलं तर लग्नाला न जायला कारण मिळेल. ते कारण मला हवंय की नको, हेच मला कळेना. म्हणून डोळे मिटून कापणार होते. हे ओरडले.

१८ मार्च, बुधवार

शेजारणीनं मशीन परत न्यायला माणूस पाठवला. म्हटलं, दोन दिवस थांब! "विचारून तर नेलं होतंस," ती खालून म्हणाली. "मग मुदतही विचारून वाढव."

विचारलं. "ठेव हवे तितके दिवस," म्हणाली. एवढंच असतं!

२० मार्च, शुक्रवार

ड्रेस तयार. बाह्या तेवढ्या इंचभर लांब झाल्या. टाचणीला कळवावं, म्हणून साइट उघडली. पॅटर्नच्या खाली लोकांचे अभिप्राय होते. आजवर तिथवर गेलेच नव्हते. 'उजवा खांदा चुकलाय.' 'खांदा खाली का?' 'कृपया दुरुस्ती करा.' मुंगीनंही लिहिलंय. आणि प्रत्येकीला टाचणीचं तेच उत्तर : 'चुकलेला नाही, रुसलेला आहे. तुम्ही तुमचा सरळ करून घ्या. हा मी बदलणार नाही.'

मी खाली माझ्या नावानं लिहिलं, 'बाह्या लांब झाल्यात.'

उत्तर लगेच आलं. 'तीन वर्षांत माप कुठं घेतलंय? अंदाजानं ठेवल्या. उद्या येऊन मुडपून देऊ का? विचारतेय.'

हे विचारताहेत, रडायला काय झालं. सांगितलं, बाह्या लांब झाल्यात.