वरून दिसलेला राब

पिंपरी,
२ मे १९८२

प्रिय भीमराज,

तुझं कार्ड मिळालं. पाच जूनला तू येतोयस, पुणे स्टेशनवर आमच्या कंपनीची गाडी तुला घ्यायला येणार आहे आणि जेवण मोठ्या साहेबांकडे आहे, हे सगळं समजलं. आई कशी आहे हे विचारायला कार्डावर जागा उरली नसेल, म्हणून मीच सांगते. बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी काल माणच्या आपल्या वस्तीवरून कैऱ्यांची पाटी घेऊन माझ्या खोलीवर आली. अर्ध्या कैऱ्या चाळीत वाटल्या आणि जिला तिला सांगत सुटली की माझा पोरगा येतोय, आभाळातनं जमीन बघनारा. कैरी दिली की बाई दोन मिनिटं ऐकून घेते, हे तिला आता बरोबर कळलंय.

गेल्या वर्षी याच दिवसांत तू आला होतास, आठवतं? वस्तीवर खाटेवर तो भलामोठा फोटो पसरलास आणि सगळे गोळा झाले. उपग्रहाने वरून काढलेला आपला मुलूख. झाडी लाल दिसत होती आणि धरणाचं पाणी काळं, म्हणून चिमाजीकाका म्हणाले की भीमराजच्या हापिसात रंग उलटे सांडलेत. तू किती हसलास! मग तू नीट समजावलंस. धुराड्यांच्या धुराने आणि जंगलतोडीने पृथ्वी हळूहळू तापत चाललीय असं जगातले शास्त्रज्ञ म्हणू लागलेत, आणि कुठला डोंगर बोडका झाला, कुठलं पाणी आटलं, हे वरून वर्षानुवर्षं पाहिलं तरच वेळेत कळेल. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. चिंचवडला धुराड्यांखाली मी रोज कॉइल गुंडाळत बसते. दोरीवरचं पांढरं लुगडं संध्याकाळी कसं होतं हे मला माहीत आहे. माझ्या खात्यातल्या बायकांना डबा खाताना मी तुझा उपग्रह समजावून सांगितला होता. इतकी मिरवले मी तुझ्या जिवावर.

त्या फोटोत डोंगराच्या उतारावर एक काळा ठिपका होता. तो काय आहे हे तुला कोणी सांगायची गरज पडली नाही. तूच बोट ठेवून ओरडलास, "आक्का, हा आपला राब!" आणि खरंच होतं ते. खालची भातखाचरं दुसऱ्यांची, आपण ती अर्धेलीने कसतो; आपल्या वस्तीच्या वाट्याला ती उताराची पड तेवढी. तिथेच सगळ्या घरांचे राब एकमेकांना लागून. शेण, टहाळ, पातेरा पसरायचा, वर माती टाकायची आणि पावसाआधी भाजायचं, म्हणजे तण मरतं आणि भाताचं रोप जोमानं येतं. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, नाहीतर आग डोंगरात पळते, हे तुला आईनेच शिकवलं. लहानपणी तू निखाऱ्यावर पाय ठेवलास तेव्हा तिने तुला रडत खांद्यावर घरी आणलं होतं. गेल्या वर्षी फोटो दाखवलास त्या दिवशी तू तिला राबावर घेऊन गेलास. ती काठीने पातेरा सारत होती, डोळ्यांवर पदर होता, आणि तू तिचा फोटो काढलास. वरून दिसतं ते खाली खरं आहे का, हे जमिनीवर येऊन तपासायचं, हेच माझं काम, असं म्हणालास. मला तुझा फार अभिमान वाटला.

फेब्रुवारीत आमच्या कॅन्टीनच्या हॉलमध्ये तुमच्या या पाहणीचं प्रदर्शन लागलं. मी आईला घेऊन गेले. देहूरोडच्या विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं ती नेसली होती. तोच फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. आपल्या राबाभोवती जाड गोल, आणि बाजूला लिहिलेलं, 'गावकऱ्यांनी जाळून उजाड केलेला डोंगर'. आमच्या कारखान्यांचा करडा पट्टा त्याच फोटोत होता, त्याच्याभोवती मात्र गोल काढायला कोणाला शाई मिळाली नाही. आणि खाली, काचेत, आई. 'अज्ञानापोटी डोंगर जाळणारी ग्रामीण स्त्री.' त्याखाली पाहणी करणाऱ्याचं नाव म्हणून तुझं नाव. आईने स्वतःला ओळखलं आणि तोंडावर हात धरून हसली. मग मला विचारलं, "काय लिवलंय गं खाली?" मी वाचलं, "शास्त्रज्ञ भीमराज यांच्या मातोश्री." तिने पदराने काच पुसली. माझ्या अंगाची आग आग होत होती आणि मी तिच्याबरोबर हसत उभी होते.

पुढचं तुला ठाऊकच आहे, पण माझ्याकडूनही ऐक. मार्चमध्ये चावडीवर नोटीस लागली की उताराची पड हरित पट्ट्यासाठी कंपनीकडे जाणार, तिथे निलगिरी लागणार. चिमाजीकाकांनी सगळ्यांना पौडच्या कचेरीत हरकत नोंदवायला तयार केलं होतं. वाट आईने अडवली. "माझ्या भीमराजनं मापलंय ते. त्यो आपलं वाईट करंल व्हय?" तिच्या शब्दावर माणसं घरी परतली. मुदत संपली. आता तिथे खांब रोवलेत, तार ओढलीय. या वर्षी राब भाजला नाही. राब नाही म्हणजे रोप नाही, रोप नाही म्हणजे भात नाही. वस्तीतल्या बायका आईशी बोलतात, पण पूर्वीसारख्या नाही. ती म्हणते, पोरगा येऊ दे, तार काढायला लावील.

मी तुला दोन पत्रं लिहिली. तू उत्तर पाठवलंस की तुमच्या वर्गवारीत राब असा प्रकारच नाही, जळीत आणि पडीक एवढंच आहे, आणि मजकूर वरच्यांनी ठरवला. बरं. एखाद्या परक्याने असं लिहिलं असतं तर मी त्याचा हात धरून त्याला राबावर नेलं असतं, राख हातात दिली असती. तुला कुठे नेऊ? तुझ्या तळपायावर अजून डाग आहे. उपग्रहाचा मला राग नाही रे, त्याने दिसलं ते दाखवलं. तू ओळखलंस आणि गप्प राहिलास. माझ्या पाठच्या भावाने आम्हाला फसवलं, असं मी कोणाजवळ बोलले नाही. आज तुझ्याजवळच बोलते.

आता हे पत्र का लिहिलं ते. पाच जूनच्या वृक्षारोपणाला तू प्रमुख पाहुणा, आणि पाहुण्यांच्या मातोश्री म्हणून पहिलं रोप आईच्या हातून लावायचं कंपनीने ठरवलंय. फोटोतली बाई तीच, हे त्यांच्या गावीही नाही. ती जागा म्हणजे तिचाच राब. मांडवात ते प्रदर्शनही लागणार आहे, आणि आईने मनाशी पक्कं केलंय की तुला हाताला धरून त्या फोटोपाशी न्यायचं आणि खाली काय लिहिलंय ते तुझ्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायचं. ती तुला विचारील. तेव्हा एक तर लिहिलंय तसं तिला वाचून दाखव, नाहीतर माइकवर जाऊन सांग की हे खोटं आहे, हा आमचा राब आहे. यायचं टाळू नकोस. आणि मी वाचलं होतं ते मात्र वाचू नकोस, भीमराज. मी शेजारीच उभी असेन, आणि या वेळी मी हसणार नाही.

अजून तरी तुझीच,
कस्तुराआक्का